फोन वाजला की हंडे बाहेर

आता काय सांगू तुम्हाला, त्या दुष्काळाच्या उन्हाळ्यात मी अख्ख्या गल्लीसमोर स्वतःच्या हातानं स्वतःचं नाक कापून घेतलं!

आमच्या हर्सूलकडं नळ आठव्या दिवशी. कधी पहाटं, कधी भर दुपारी. वेळ ठाऊक फक्त पाणी सोडणाऱ्या लाईनमनला. ज्याला आधी कळलं त्याचा हौद भरला, बाकीचे टँकरच्या नावानं बोंबलत!

शेजारची ऋतुजा चिकलठाण्याला कंपनीत होती. पण दोन महिने झाले, घरातच. ना बोलणं, ना हसणं. तिची आई म्हणायची, "अशक्तपणा आहे."

अन् एक दिवस बघते तर काय? हिचा फोन टुणकन वाजला की ही अंगणात. नळाजवळ पाच मिनिटं उभी राहणार, फोनमध्ये काहीतरी लिहिणार, आत जाणार. रोज! हातात हंडा नाही, बादली नाही. म्हणजे घरात आधीच भरून ठेवलेलं! लाईनमनचा मेसेज येतो हिला, दुसरं काय?

मग काय! तिकडं टुण, इकडं मी दोन हंडे घेऊन बाहेर. माझ्यामागं समोरच्या शकुंतलाबाई, त्यांच्यामागं गल्ली. पाणी ओढायला नळांना मोटारी लागायच्या, अन् नळातून नुसती हवा!

दहाव्या दिवशी मी तिला सगळ्यांसमोर धरलं. "काय गं, लाईनमन कोण लागतो तुझा? एकटीच पाणी भरती व्हय?"

पोरीचे डोळेच भरले. मी चरकले. तिनं मला बाजूला ओढलं.

"काकू, मला डिप्रेशन आहे. गोळ्या चालूयत. हे ॲप डॉक्टरीणबाईंनी दिलंय. वाजलं की घराबाहेर पाच मिनिटं थांबायचं, अन् आज काय बरं वाटलं ते लिहायचं. सुरुवातीला उंबरा ओलांडतानाही पाय कापायचे माझे."

हंडा हातातून गळलाच! "चुकले गं पोरी. तुझ्या औषधपाण्याचा पार तमाशा केला मी!"

"वाचा तर आधी," म्हणत तिनं फोन पुढं केला.

पहिला दिवस : काहीच नाही. दुसरा : काहीच नाही. तिसरा : शेजारच्या काकू हंडे घेऊन धावल्या, नळ कोरडा. चौथा : काकू आज एकाच पायात चप्पल घालून. सहावा : काकूंनी शकुंतलाबाईंना ढकललं, पोट दुखेस्तोवर हसले.

लाजेनं माझं तोंड एवढंसं झालं. म्हटलं, "आता नाय धावणार गं बाई!"

तर पोरगी घाबरून माझा हातच धरते. "असं नका ना करू काकू! डॉक्टरीणबाई म्हणाल्यात, गुण येतोय, जे चालूय ते मधेच बंद करायचं नाही!"