आईचं शेतातलं नाव

आमच्या घराण्यात सून आली की तिचं नाव बदलायचं, असा दंडक होता. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहायचं, ते देवीचंच हवं आणि निवडायचं घरातल्या थोरल्यानं. माझ्या आईला माहेरी नदीचं नाव होतं. थोरल्या काकांनी, म्हणजे वडिलांच्या मोठ्या भावानं, तिची देवी करून टाकली. तिला विचारायची पद्धत नव्हती.

हेच काका नामांतराच्या वर्षांत ओसरीवर बसून तावातावानं बोलायचे. विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव झाला होता. त्यावरून मराठवाड्यात दलितांची घरं जाळली गेली होती आणि काकांना काळजी होती ती नावाची! "नाव म्हंजे काय खेळ हाय का? आमी मरंस्तोवर बदलू देणार न्हाई." त्यांनी ते विद्यापीठ बाहेरूनसुद्धा पाहिलेलं नव्हतं. आत चुलीपाशी, त्यांनीच नावं बदललेल्या सुना भाकरी थापत हे ऐकत असायच्या. मी तेव्हा कॉलेजात जाणारी मुलगी. मला संतापही यायचा आणि हसूही यायचं.

अशात आईचे वडील वारले. त्यांना मुलगा नव्हता. पोखर्णीजवळचं आपलं शेत त्यांनी निजामाच्या काळातच, तिचं लग्न व्हायच्या आधी, मुलीच्या नावावर करून ठेवलं होतं. दर दिवाळीला आईकडून ओवाळून घेणाऱ्या तिच्या चुलतभावानं, म्हणजे आमच्या मामानं, आता तहसिलीत तक्रार केली की या नावाची बाई हयातच नाही. तसा तो खोटंही बोलत नव्हता. रेशनकार्डावर देवी, मतदारयादीत देवी, माझ्या शाळेच्या दाखल्यावरही देवीच. कागदोपत्री ती नदी लग्नाच्या दिवशीच आटली होती. पण त्या शेताशिवाय आईला स्वतःचं म्हणावं असं काही नव्हतं. माझे वडील गेल्यापासून नवं लुगडंही ती काकांना विचारूनच घ्यायची.

परभणीला सुनावणी होती. दोन्ही नावांची बाई एकच, हे सांगू शकणारा जाणता माणूस म्हणजे काका. ते आले, पण आढेवेढे घेत. "एकच हाय एवढं सांगतो. नाव कुणी बदललं ते इचारू नका. मला गावात तोंड दाखवायचंय."

शिपायानं आईचं माहेरचं नाव पुकारलं. आई बाकावर बसूनच राहिली. त्यानं पुन्हा पुकारलं. कोण बाई उठते ते बघायला आईही इकडंतिकडं पाहू लागली. मी दंडाला धरून तिला उठवलं, तेव्हा मामा मोठ्यानं हसला.

"बघा सायेब, हिला सोताचं नाव म्हाईत न्हाई!"

साहेबांनी चष्म्यावरून आईकडं पाहिलं. शेत गेलं, असंच मला वाटलं.

पण आपल्या घरच्या सुनेला चारचौघांत कुणी हसावं, हे काकांना खपलं नाही. ते ताडकन उठले.

"तिला कसं म्हाईत असंल? नाव मी बदललंय! तांदळावर माज्यासमोर लिवलंय. आमच्या खानदानात समद्या सुनांची बदलतो आमी!"

साहेबांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि काकांनी खाली झोकात सही केली. मामाचं हसू मावळलं. शेत आईचं ठरलं.

"मग आता उताऱ्यावर कोणतं नाव ठेवायचं?" साहेबांनी विचारलं.

"आमच्या घरचं," काका म्हणाले.

थोरल्या दिरासमोर आई कधी बोलत नसे. तिनं पदर पुढं ओढला आणि भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "शेत माज्या बापाचं हाय. त्यानं जे नाव लावलंय तेच ऱ्हाऊ द्या."

साहेबांनी मान डोलावली. काका तडक एसटी स्टँडकडं निघाले. परतीच्या एसटीत मात्र त्यांना कंठ फुटला. शेजारच्या प्रवाशाला ते छाती काढून सांगत होते, "आमी कागदावरचं नाव बदलू दिलं न्हाई!"

घरी आल्यावर मी लाडानं आईला तिच्या माहेरच्या नावानं हाक मारली. तिनं चुलीपासून मानसुद्धा वळवली नाही.

"तिला शेतात जाऊन हाक मार," ती म्हणाली. "ती हितं ऱ्हात न्हाई."