वाच न सोडणारा हसन

ज्यानं मला मरू दिलं न्हाई, तो आज सकाळी गेला.

हसन. कोकणातल्या खाडीकाठच्या गावचा. माझा जहाजावरचा दोस्त.

मी जहाजावर खलाशी होतो म्हटलं की आजकालची पोरं हसतात. शहागडचा माणूस अन् समुद्र? अरे, गोदावरीत पोहायला शिकलो, घरातून मुंबईला पळालो, भरती झालो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. त्यात हसायला काय झालं?

एका सफरीत भर समुद्रात खोकल्यातून रक्त पडलं. टीबी.

केबिनमधल्या दोघांनी आपापले बिछाने उचलून दुसरीकडं नेले. हसननं त्याचाबी उचलला, अन् माझ्या बंकच्या खालच्या बंकवर आणून टाकला.

"खोकलास तर मला ऐकू यायला पाहिजे," एवढंच म्हणाला.

पुढच्या बंदरातून कंपनीनं मला घरी धाडलं.

घरी तरी काय? दारावरून जाताना लोक तोंडाला रुमाल लावायचे. गोळ्यांनी मळमळायचं, सुया घेऊन घेऊन कंबर बधिर झाल्ती. शेवटी मी औषधच बंद केलं. भिंतीकडं तोंड करून पडून राह्यचो. माय रडायची अन् मी तिच्यावरच खेकसायचो.

मला मरायचं होतं. खोटं कशाला बोलू.

अन् एका दुपारी हायवेवर एसटीतून हसन उतरला. खांद्यावर किटबॅग, हातात सुकटीची पिशवी. साऱ्या गल्लीत वास!

वर्षभर समुद्रावर राहून आल्ता. मुंबईला उतरला अन् थेट इकडं.

मला बघितलं अन् मायला म्हणाला, "मावशी, तुम्ही झोपा जरा. आता वाच माझी."

जहाजावर पाळीला वॉच म्हणतात. चार तास एकानं डोळे उघडे ठेवायचे, मंग दुसऱ्यानं. आम्ही खलाशी तिला सरळ 'वाच'च म्हणायचो. हसननं आमच्या घरात तेच चालू केलं. कधी तो, कधी माय, कधी माझा भाऊ. पाळी बदलली की हा ओरडायचा, "वाच! वाच!"

मायला काय ठाऊक! तिनं शेजारणीला सांगितलं, "लय भला माणूस हाय गं. उशाशी बसून माझ्या लेकाला नुसतं 'वाच, वाच' म्हणतो. त्यांच्यात दुवाच तशी असंल."

मंग तीबी गोळी देताना म्हणायला लागली, "वाच रे बाबा, वाच."

मी तिला खरा अर्थ सांगितला अन् कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा हसलो. खोकला येस्तोवर हसलो.

माय म्हणाली, "मंग काय चुकलं माझं? त्याचीबी वाच अन् माझीबी वाच. बराबरच हाय की!"

मी गोळी जिभेखाली लपवायचो. हसन माझा जबडा उघडून बघायचा, बाजारात बैलाचे दात बघत्यात तसं. थुंकीचं भांडं स्वतः उचलायचा. रोज हाताला धरून सुईसाठी दवाखान्यात चालवत न्यायचा. लोक बघायचे. तो बिलकुल बघायचा न्हाई.

एकदा मी चिडून बोललो, "च्यायला हसन, जा ना तुझ्या घरी! मरू दे मला!"

"बदली आल्याशिवाय वाच सोडतात का रे, किशा? कोणत्या जहाजावर शिकलास तू?"

बदली म्हणजे कानजी. पोरबंदरचा, आमच्यासोबत काम केलेला. हसनची सुट्टी संपली की कानजीनं यायचं, असं दोघांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मला विचारतो कोण!

पण कानजीचं जहाज लांबलं. हसनची सुट्टी सरत आली. तरी हा जागचा हलला न्हाई.

शेवटी कानजी एसटीतून उतरला. हसननं तिथं स्टँडवरच चार्ज दिला, "ताप उतरलाय. भूक लागायला लागली. गोळी दिली की तोंड उघडून बघायचं. पेशंट बदमाश हाय."

"वाच घेतली," कानजी म्हणाला.

त्याच पावली हसन मुंबईला गेला. तिथून पुढच्या जहाजावर.

मी बरा झालो. पहिलं काम केलं, हसनचं गाव गाठलं. तो सफरीवरच होता. दारात एक चिमुरडी उभी होती. मला बघून पळत आली अन् पायाला मिठी मारली.

"अब्बा!"

भाभी बाहेर आल्या. म्हणाल्या, "मनावर घेऊ नका. तिनं अब्बा अजून बघितलेच नाहीत. ते जहाजावर असताना झाली ही."

मी पोरीला उचलून कडेवर घेतलं. ती सुट्टी तर त्यानं सगळी माझ्या उशाशी घालवली होती! अन् एका शब्दानं बोलला न्हाई.

"भाभी, तुम्ही त्याला बोलावलं का न्हाई?"

"त्यांनीच गावच्या माणसाजवळ निरोप दिलेला, येऊ का थांबू? मी उलट सांगून धाडलं, तो माणूस उठून चालायला लागल्याशिवाय घरी येऊ नका. पोरगी कुठं पळून चाललीय?"

कशी माणसं होती ही. आजबी अंगावर काटा येतो.

आज सकाळी त्याच पोरीचा फोन आला. "चाचा, अब्बा गेले."

जनाजा दुपारीच होता. माझ्याच्यानं पोहोचणं झालं न्हाई.

हसन, दोस्ता, आराम कर आता.

तुझा किशा जिवंत हाय.