चार फुटांची भाकरी

भूकंपानंतर सासूबाईंनी घरातल्या भिंतींवर काहीही टांगायला बंदी घातली. लातूरमधलं आमचं घर पडलं नव्हतं. मधल्या खोलीच्या भिंतीला एक तडा गेला होता, एवढंच. पण त्या पहाटे देवांच्या तसबिरी, आरसा आणि माझ्या लग्नात आलेलं लाकडी घड्याळ असं सगळं धडाधड खाली आलं होतं, आणि घड्याळ पडलं ते सासूबाईंच्या उशीपासून वीतभर अंतरावर. त्यानंतर बरेच महिने आम्ही अंगणात पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. परत घरात आलो तेव्हा तडा बुजवून, चुना देऊन भिंती कोऱ्या करकरीत झाल्या होत्या. सासूबाईंनी सगळे खिळे स्वतः उभं राहून उपटून घेतले. देवसुद्धा खाली पाटावर आले.

मी नांदेडची. माझे वडील शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते, आणि आमच्या घरात बोटभर भिंत कधी रिकामी नसायची. त्यामुळे त्या पांढऱ्या भिंती मला खायला उठायच्या. एक दिवस मी धीर करून म्हटलं, "आत्याबाई, डोक्यावर पडलं तरी लागणार न्हाई असं काही लावलं तर चालंल का?"

"असं काय असतंय?" त्या म्हणाल्या.

मग मी ते शोधायला लागले. कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून चिंध्या आणल्या आणि त्यांची एक वेल शिवली, दारापासून खिडकीपर्यंत जाणारी. बुटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचे पोपट केले. ज्वारीच्या धांड्याच्या आतला पांढरा गाभा काढून त्याची फुलं केली. ती तर फुंकर मारली तरी उडायची. प्रत्येक वस्तू भिंतीवर जाण्याआधी सासूबाई ती हातभर उंचीवरून आपल्याच डोक्यावर टाकून बघायच्या. काही क्षण विचार केल्यासारखं करायच्या आणि म्हणायच्या, "हां, लाव."

तेव्हा लातूरमध्ये आमच्यासारखीच भीती घरोघरी होती, आणि घरोघरी भिंती मोकळ्या होत्या. शेजारणी बघून गेल्या, मग आपल्या घरासाठी करून मागू लागल्या. मी शिवत गेले, कापत गेले. दुपारचा वेळ बरा जायला लागला.

दोन-तीन वर्षांत गावाचं रूपच पालटलं. बारावीच्या शिकवणीसाठी गावोगावची पोरं लातूरला यायला लागली. चाकूर, उदगीर, देगलूर, पार परभणीकडची. आमच्या गल्लीत ज्याच्याकडे एक जादा खोली होती त्यानं ती पोरांना दिली. मोठ्या रस्त्यावर बोर्डच बोर्ड झाले. क्लासचे, होस्टेलचे, झेरॉक्सचे, मेसचे. एकावर एक, लाल-पिवळ्या अक्षरांचे.

आमच्या गल्लीच्या अगदी टोकाला एका बाईंची खानावळ होती. त्या देवणीकडच्या. मुलीच्या शिक्षणासाठी लातूरला आल्या. मुलगी शिकून नोकरीला लागली, सासरी गेली, पण ह्या परत काही गेल्या नाहीत. सगळी गल्ली त्यांना मावशी म्हणायची. त्यांच्या हातच्या गरम भाकरीला आणि शेंगाच्या चटणीला तोड नव्हती. पण खानावळ आत, बोळात. नवीन पोरं मोठ्या रस्त्यावरचे बोर्ड बघून तिकडंच जेवायला बसायची.

एका सकाळी मावशी आमच्याकडे आल्या. वेलीकडे, पोपटांकडे बघत म्हणाल्या, "अक्का, मला गल्लीच्या तोंडाशी लावायला एक बोर्ड करून द्या."

मी लगेच कागद-पेन्सिल घेतली. "काय लिहायचं? नाव काय ठेवलंय खानावळीचं?"

"काहीच लिहू नका."

"मग कळणार कसं?"

"अवं, ती लेकरं सकाळपासून वाचूनच राहिलीत. वाचून वाचून डोळे खोल गेलेत त्यांचे. जेवायच्या टायमाला अजून काय वाचायला लावू त्यान्ला? नुसतं बघितलं की भूक लागली पाहिजे, असं करा."

मावशींना शाळेचं तोंड बघायला मिळालं नव्हतं, पण जाहिरातीबद्दल इतकं शहाणपणाचं बोलणं मी नंतर कुणाच्याच तोंडून ऐकलं नाही. मी दोन दिवस विचार केला आणि ठरवलं, भाकरीच करायची. चांगली चार फुटांची, गल्लीच्या तोंडावर लांबून दिसेल अशी.

सासूबाईंना सांगितलं तर त्या कपाळाला हात लावून बसल्या. "येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्यात पडंल ना ती! कशाची करणार हाईस? लोखंडाची?"

"कागदाची," मी म्हटलं.

कागदाला लातूरमध्ये काय तोटा? पोरांच्या खोल्यांमधून सोडवलेल्या प्रश्नपत्रिकांचे आणि जुन्या नोट्सचे गठ्ठेच्या गठ्ठे मिळाले. मी ते फाडून टाकीत भिजत घातले. बुरडाकडून बांबूच्या कामट्यांची एक गोल, मधे किंचित फुगीर चौकट विणून आणली. चौथ्या दिवशी भिजलेला कागद कुटून त्यात मैद्याची खळ मिसळली आणि तो लगदा चौकटीवर थापला. दिसायला झकास दिसत होती. दुसऱ्या दिवशी उन्हात वाळली आणि काठापासून मध्यापर्यंत तिला तडे गेले. मी पुन्हा लिंपलं. पुन्हा तडे. तिसऱ्यांदा तसंच झाल्यावर मी तिथंच अंगणात फतकल मारून बसले.

सासूबाई दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "मेथी घातलीस का?"

"मेथी?"

"भिजवून, वाटून घालावी लागती. आमच्या माहेरी कागदाच्या टोपल्या करायचो आम्ही, पीठ ठेवायला. मेथीबिगर कागद धरतोय व्हय?"

सात वर्षं मी त्या घरात होते. इतक्या वस्तू करत होते, त्या रोज बघत होत्या, पण स्वतःला हे काम येतं हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "आधी का नाही सांगितलं?"

"तू कवा विचारलंस?" असं म्हणून त्यांनी पदर खोचला.

मेथी वाटून घातल्यावर लगदा लोण्यासारखा झाला. मी तो पत्र्याच्या तुकड्यानं गुळगुळीत करायला लागले, तर त्यांनी माझा हात बाजूला सारला. "भाकर अशी असती का? ती काय टेबल हाय?" आणि त्या चार फुटांच्या भाकरीभोवती गुडघ्यावर फिरत त्यांनी ती थापायला सुरुवात केली. काठवटीत थापतात तशीच, तळहातानं, बोटांनी, कड सावरत, मधूनच पाण्याचा हात घेत. थापता थापता त्या गुणगुणायला लागल्या. भूकंपानंतर त्यांना गुणगुणताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी आपली गुपचूप लगदा देत राहिले.

भाकरी वाळली. एक तडा नाही. वर सासूबाईंची पाचही बोटं उमटलेली. कुठल्याही ब्रशनं ते काम झालं नसतं. मी दोन दिवस खपून रंग दिला. ज्वारीच्या भाकरीचा रंग हा पांढरा नसतो, पिवळाही नसतो. मला त्यात शेवटी चुलीतली थोडी राख मिसळावी लागली, तेव्हा कुठं जमला. वर तव्याचे डाग दिले. वार्निश लावायचं तेवढं राहिलं होतं. ते आणायला मी दुकानात गेले, आणि परत आले तर शेजारची शेळी भाकरीवर तोंड टाकून उभी.

माझ्या ओरडण्यानं अर्धी गल्ली गोळा झाली. शेळीला हाकललं, पण तोवर तिनं काठाचा चांगला वीतभर तुकडा फस्त केला होता. आतल्या कामट्या उघड्या पडल्या होत्या. दहा-बारा दिवसांची मेहनत! मला रडूच कोसळलं. आवाज ऐकून मावशीही पिठाच्या हातानं धावत आल्या. त्यांनी भाकरी बघितली, चहूबाजूंनी फिरून बघितली, आणि हसायलाच लागल्या.

"अक्का, रडता कशाला? आता खरी भाकर झाली ही! अख्खी भाकर म्हणजे नुसती ठेवलेली. तुकडा मोडला म्हणजे जेवण सुरू झालं."

मी डोळे पुसून नीट बघितलं. खरंच होतं त्यांचं. पूर्ण गोल होती तेव्हा ती चंद्र वाटली असती, जात्याची पाळ वाटली असती. आता लांबून बघितलं तरी भाकरीशिवाय दुसरं काही वाटत नव्हतं. मी तुटलेल्या कडेला आतून पांढरा लगदा भरला आणि वरचा पापुद्रा किंचित सुटल्यासारखा उचलून ठेवला. मग वार्निश दिलं. सासूबाईंनी नेहमीची परीक्षा घ्यायचा हट्ट धरला. ह्यांनी आणि मी ती भाकरी धरून त्यांच्या डोक्यावर हळूच टेकवली. चार फुटी भाकरीखालून त्यांचा आवाज आला, "हां, लाव."

गल्लीच्या तोंडाशी ती लागली त्या पहिल्या दुपारी मी मुद्दाम दारात उभी राहिले. दोन पोरं पाठीवर दप्तरं घेऊन चालली होती. एकानं वर बघितलं. दुसऱ्याला कोपरानं ढोसलं. दोघं हसली आणि आत वळली. आठवड्याभरात मावशींना दुसरा तवा घ्यावा लागला, आणि महिन्याभरात हाताखाली एक बाई ठेवावी लागली. रिक्षावाले आमच्या गल्लीला भाकरी गल्ली म्हणायला लागले. गावाकडून पोराला भेटायला येणारे आईबापही तोच पत्ता विचारत यायचे.

माझे वडील नांदेडहून एसटीनं आले तेही त्याच पत्त्यावर. आयुष्यभर त्यांनी शाळेच्या फळ्यांवर आणि गावातल्या दुकानांवर अक्षरं रंगवली होती. अक्षर सरळ नसेल तर त्यांना जेवण जात नसे. पिशवी हातात धरून ते भाकरीखाली बराच वेळ उभे राहिले. मला धाकधूक वाटत होती.

"अक्षर कुठंय गं?" त्यांनी विचारलं.

"नाहीच आहे, अण्णा."

"हं." पुन्हा वर बघितलं. "मला इथं येईपर्यंत भूक नव्हती."

मावशींनी त्या दिवशी त्यांना समोर बसवून वाढलं. ते दोन भाकरी जेवले, तिसरीतली अर्धी घेतली. हात धुता धुता म्हणाले, "एक सांगू का? कडेला अजून काळी पाहिजे. चुलीवर कडेनं शेकते ना ती." दुसऱ्या दिवशी सकाळी सत्तरीचा हा माणूस धोतर खोचून शिडीवर चढला आणि त्यानं कडा काळ्या केल्या. खाली शिडी धरून मी, आणि "अवं पाव्हणं, पडाल, उतरा!" असं ओरडत सासूबाई.

मग मला कामं यायला लागली. सायकलवाल्यासाठी पुठ्ठ्याची एक अशी सायकल केली की वाऱ्यानं तिची चाकं फिरायची. बांगडीवाल्याच्या दुकानात छतापासून बांगड्यांचा मोर उतरवला. एका क्लासच्या सरांनी मात्र सांगितलं, "मॅडम, आम्हाला एक मोठा मेंदू करून द्या." मी केला. मन लावून केला, गुलाबी रंग दिला. दुसऱ्याच दिवशी सर स्वतः आले. म्हणाले, "लोक विचारून राहिलेत, इथं कोबी मिळतो का." आम्ही दोघंही इतके हसलो की त्यांना पाणी द्यावं लागलं. शेवटी त्यांना मी कंदील करून दिला.

ह्या सगळ्यात माझा सर्वांत आवडता वार म्हणजे रविवार झाला. आमच्या समोरच्या घरात शिकवणीच्या मुली राहायच्या. लगद्यासाठी कागद हवेत म्हणून मी त्यांच्याकडे निरोप पाठवला, तर त्या कागद घेऊन स्वतःच आल्या आणि फाडायलाही बसल्या. त्यांत चाकूरची एक मुलगी होती. शांत, घाबरलेली. तिनं पेपरांचा गठ्ठा मांडीवर घेतला. वरच्याच पेपरावर लाल शाईत मोजकेच मार्क होते. तिनं आमच्याकडे एकदा बघितलं आणि तो पेपर टर्रकन फाडला. मग दुसरा. मग तिसरा. शेवटी टाकीत हात बुडवून म्हणाली, "लई बरं वाटलं, काकू."

"अजून हाईत का?" सासूबाईंनी विचारलं. "पुढच्या आइतवारी घेऊन ये."

त्यानंतर दर रविवारी दुपारी आमचं अंगण मुलींनी भरायला लागलं. त्या सासूबाईंकडून थापायला शिकल्या, आणि सासूबाई त्यांच्याकडून रसायनशास्त्राच्या गोष्टी ऐकायच्या. एकदा मला म्हणाल्या, "पाण्यात दोन वायू असत्यात म्हणं. आपण पीत बसलो इतके दिवस, कुणी सांगितलं न्हाई."

त्यांच्यातल्या दोघी-तिघी डॉक्टर झाल्या, एक नांदेडला शिक्षिका आहे. चाकूरच्या त्या मुलीला मेडिकलला काही नंबर लागला नाही. वर्षभर तिच्या घरी अबोला होता. नंतर तिचं उदगीरला लग्न झालं, आणि काही वर्षांनी तिनं तिथं दुकानं सजवायचं काम सुरू केलं. मागं एका लग्नाला मी उदगीरला गेले होते. बाजारातून जाताना एका धान्याच्या दुकानावर नजर गेली आणि मी थांबलेच. छपरावरून एक पुरुषभर उंचीचं पोतं कलंडलेलं होतं, आणि त्यातून कागदी तुरीचे टपोरे दाणे खाली ओघळत आले होते, अगदी माझ्या हाताला येतील इतके खाली.

"कुणी केलंय हे?" मी दुकानदाराला विचारलं.

"आमच्या इथल्या एक ताई हाईत," तो म्हणाला. "लातूरला शिकलेल्या."