टेप घेऊन चायनीज गल्लीत

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, नाहीतर चहा अंगावर सांडेल.

मी गडबच्या शाळेत भूगोल शिकवतो. बढतीसाठी बाहेरून एम.ए. करत होतो आणि त्यातला शेवटचा प्रकल्प उरला होता. तो गेला की बढती गेली. विषय मीच हौसेनं निवडला: पेण आणि रोह्याच्या चायनीज गल्ल्यांमधला जमिनीचा वापर आणि पर्यावरण, तौलनिक अभ्यास. चायनीज गल्ली म्हणजे संध्याकाळी शेजवान राईस अन् मंचुरियनच्या गाड्या लागतात ती.

बायको म्हणाली, "लोक तिथं खायला जातात, मोजायला नाय."

पण मी एकदा ठरवलं की ठरवलं.

पेणला पोचलो तो पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात टेप आणि खडू अशा थाटात. काम शास्त्रशुद्ध नको का? पहिल्या गाडीभोवती रस्त्यावर खडूनं चौकोन आखला, गटारापर्यंतचं अंतर मोजलं, कोबीच्या पाल्याचे फोटो काढले.

गाडीवाल्या रुबिनाभाभींनी गॅस बंद केला. "साहेब, गाडी किती मागं घेऊ?"

"अजिबात हलवू नका. आहे त्या जागीच मला ती कागदावर हवी. उद्या रोह्याच्या गाड्या मोजायच्यात."

भाभींनी कुणाला तरी फोन लावला. मी मान खाली घालून आकडे लिहीत बसलो. मान वर केली तर गल्ली रिकामी, फक्त माझा चौकोन शिल्लक. मी शांतपणे नोंद केली: इथल्या गाड्या फिरत्या स्वरूपाच्या आहेत.

रोह्याला तर काय सांगू, गल्ली झाडून, पाणी मारून लख्ख. मधोमध जास्वंदीची कुंडी. बाकावर एकच माणूस.

"इथं चायनीजच्या गाड्या लागतात ना?"

"चायनीज? नाय बा. इथं कोन खातंय तसलं?"

त्याच्या शर्टावर लाल सॉसचा ताजा डाग होता. मी तो पाहिला आणि तरीही लिहिलं: रोहे हे आदर्श शहर होय.

तोंडी परीक्षेला परीक्षक मॅडमनी चष्मा काढला. "सर, रोह्यात चायनीज गल्लीच नाही म्हणता?"

"नाही मॅडम. मोकळी जागा, स्वच्छ हवा, जास्वंद."

"ती कुंडी माझी आहे. गल्ली माझ्या घराखालीच आहे. पेणच्या भाभींचा भाऊ तिथं गाडी लावतो. नगरपालिकेचा टेपवाला साहेब अतिक्रमण काढायला येतोय, असा त्याला फोन आला आणि त्यानं माझी कुंडी मागून नेली. त्या दिवशी माझी मुलगी उपाशी परतली."

बढती डोळ्यांसमोरून चाललेली दिसत होती. पण मीही हटणारा नव्हे. "मॅडम, निष्कर्ष बदलतो. तुम्ही सांगाल तो लिहितो."

त्यांनी सांगितला, मी मुकाट्यानं लिहिला: दोन्ही गल्ल्यांच्या स्वच्छतेवर सर्वांत मोठा परिणाम करणारा घटक म्हणजे संशोधक स्वतः.

पास झालो. बढतीही मिळाली. त्या आनंदात बायकोला पेणला चायनीज खायला घेऊन गेलो. गल्लीच्या कोपऱ्यावर तिनं रिक्षा थांबवली आणि एकटीच उतरली.

"तुम्ही इथंच बसा," ती म्हणाली. "मला आज खायचं हाय."