गाडीचा ताप

भर उन्हाळ्यात मोटारीतलं थंड हवेचं यंत्र उपटून काढणारा आणि गरम हवेचं तेवढं जपून ठेवणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच असावा, आणि मी कॉलेजसाठी जालन्याला आलो तेव्हा तो नेमका माझा घरमालक निघाला. हे मी थट्टेनं लिहीत नाही. थट्टा करणारे गल्लीत पुष्कळ होते, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला त्यांच्यात मीही होतो.

मी त्यांना काका म्हणत असे. सारा जन्म त्यांनी एका जिनिंगवाल्या शेठची गाडी चालवली. शेठनं नवी गाडी घेतली तेव्हा ही जुनी, लांबलचक, अमेरिकेहून आलेली गाडी काकांना देऊन टाकली. ती आमच्या गल्लीत वळत नसे, म्हणून काका रोज तिला मागं मागं करत आत आणत आणि या कामात कुणाचीही मदत घेत नसत. सकाळी आधी गाडीला पाणी, मग स्वतःला चहा. कुणी गाडीला टेकून उभा राहिला तर ते रागावत नसत. शांतपणे जवळ जात आणि त्या माणसालाच टेकून उभे राहत. दोन मिनिटांत तो माणूस निघून जाई. गाडीसोबत आलेलं इंग्रजी पुस्तक ते पिवळ्या फडक्यात गुंडाळून ठेवत. आमच्या घराण्यात इंग्रजी अक्षर ओळखणारा मी पहिलाच, म्हणून काकांनी मला पहिल्या दिवसापासून ‘मास्तर’ करून टाकलं. ते हातात पाना घेऊन गाडीखाली शिरत आणि मी शेजारी बसून पुस्तक वाचे. अर्थ मला कळत नसे. उलट माझं वाक्य संपायच्या आत काकाच तो सांगून टाकत. एकदा मी कबूल केलं की यातलं मला निम्मंही समजत नाही. ते खालूनच म्हणाले, “तुम्ही निस्तं वाचा मास्तर. गाडीला समजतं.”

या साऱ्या खटाटोपाच्या मुळाशी त्यांची एकुलती एक लेक होती. ती भोकरदनला दिली होती. लग्नाच्या मांडवात, चार पाहुण्यांसमोर, काका मोठ्या तोऱ्यात बोलून गेले होते की दर आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीला माहेरी आणायला दारात मोटार येईल. पहिल्या आखितीला मोटार निघाली, पण राजूरच्या चढावर उकळली आणि दिवस मावळेपर्यंत वाफा सोडत उभी राहिली. तिकडे लेक गाठोडं बांधून ओट्यावर बसून होती. दुसऱ्या वर्षी काका मुकाट्यानं एसटीनं गेले. व्याह्यांनी त्यांना बसवलं, चहा पाजला आणि म्हणाले, “मोटार येणार म्हणाल्ते ना तुम्ही? मंग मोटार येऊ द्या. एश्टीनं न्हाई पाठवत आमी सून.” काका एकटेच परत आले. काकूंनी लेकीसाठी झाकून ठेवलेला आंब्याचा रस त्या दिवशी मला मिळाला. मी खाल्ला, पण वाटी परत देताना त्यांच्याकडे पाहवेना.

तो हिवाळाभर काका विचार करत होते. शेवटी त्यांनी निकाल दिला की सारा दोष थंड हवेच्या यंत्राचा आहे. ते मरून कित्येक वर्षं झाली होती. त्यातला गॅस कधीच उडून गेला होता. पण त्याची जाळी रेडिएटरच्या तोंडासमोर उभी होती आणि वारा अडवत होती. तीन दिवस खपून काकांनी जाळी, नळ्या, पट्टा, सगळं काढलं. हीटरच्या दोन रबरी नळ्यांना मात्र त्यांनी नवीन कड्या लावल्या. कोपऱ्यावरच्या टेलरनं विचारलं, काका, जालन्याच्या उन्हात थंड फेकून गरम ठेवता, उलटं तर झालं नाही ना? काका हात पुसत म्हणाले, “गरम हवा काय वेगळी पैदा होत न्हाई भाऊ, इंजनातूनच येती. गाडीला ताप चढला तं एकटी किती सोसणार ती? थोडा आपण घ्यायचा.”

पुढच्या आखितीला परीक्षा संपूनही मी गावी गेलो नाही. पुस्तक मांडीवर घेऊन काकांच्या शेजारी बसलो. राजूरच्या चढावर इंजिनाच्या तापाचा काटा वर सरकला तसा काकांनी हीटर सुरू केला आणि आमच्या गुडघ्यांवर अशी काही हवा आली की खिडकीतली झळ गार वाटू लागली. काटा थांबला. मग हळूच खाली आला. काका एवढंच म्हणाले, “बराबर.”

भोकरदनला गाडी दारात थांबली तसे व्याही बाहेर आले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, खिडकीतून हात आत घातला आणि चटकन बाहेर काढला. “ही मोटार हाय का भट्टी?”

“भट्टी हाय,” काका म्हणाले. “पर आली.”

लेक मागच्या सीटवर बसली. तिला किती बोलायचं असेल असं मला वाटत होतं, पण भोकरदनची शेवटची घरं मागं पडायच्या आत ती झोपून गेली. त्या उकाड्यात, घामानं केस कपाळाला चिकटलेले, तोंड अर्धवट उघडं. थोड्या वेळानं बैलगाड्याही आमच्या पुढं जाऊ लागल्या. मी घाबरून विचारलं, काही बिघडलं का? काकांनी नाही म्हणून मान हलवली.

“तिकडं पहाटं चारला उठती म्हणं ती,” ते अगदी हळू बोलले. “लग्नापासून तिला भर दिवसा झोपल्याली आज पाहून राह्यलो. जल्दी कशाला?”

गाडी सावकाश म्हणजे वारा कमी, आणि वारा कमी म्हणजे हीटर पूर्ण उघडा. आम्ही दोघं निथळत होतो. जालन्याला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. काकांनी इंजिन बंद केलं नाही. आवाज थांबला तर ती जागी होईल. काकू दारातून धावत आल्या आणि खिडकीशी येऊन थबकल्या. मग त्यांनी पदराचं टोक हातात घेतलं आणि बाहेरूनच लेकीला वारा घालू लागल्या.

काटा चढत होता. काका त्याच्याकडे बघत होते, मी काकांकडे. घर आलं, असं आम्हा तिघांपैकी कुणालाच म्हणवेना.