ओल्या लाकडाचे मिस्त्री

मिस्त्री लाकडाला गाल लावून बघायचे. वखारीतून ट्रक आला की थप्पीतली मधली फळी ओढून काढायची, चष्मा कपाळावर सारायचा आणि तापलेल्या पोराचं अंग बघावं तसा गाल टेकवायचा. गार लागली की ओली. पहिल्यांदा ते बघून मला हसू आलं होतं. मी नुकताच डिप्लोमा करून चाकणच्या त्या शेडमध्ये क्वालिटीला लागले होते. कंपन्यांची यंत्रं बाहेर पाठवायची तर त्यांना लाकडी पेट्या लागतात, त्या आमच्याकडे बनायच्या. निगडीहून बसने यायचं, गळ्यात आयकार्ड, हातात टेप. लाकूड म्हणजे लांबी, रुंदी, जाडी, यापलीकडे मला काही ठाऊक नव्हतं. आणि आपल्याला ठाऊक नाही, हेही ठाऊक नव्हतं.

सगळी शेड मला मॅडम म्हणायची, मिस्त्री एकटे पोरी म्हणायचे. राजगुरुनगरच्या पुढचं त्यांचं गाव. माणूस गोड होता असं मी म्हणणार नाही. त्यांच्या रंध्याला कुणी न विचारता हात लावला तर दोन दोन दिवस अबोला धरायचे, आणि तो अबोला आम्हा सगळ्यांना भोवायचा. पण शिकवायला बसले की वेळेचं भान राहायचं नाही त्यांना.

एकदा मी ऐटीत सांगितलं, "मिस्त्री, वासे चार इंची आलेत." त्यांनी विचारलं, "कंदी मोजलंस?" मी म्हटलं, "आत्ताच. पण त्यानं काय फरक पडतो?" ते म्हणाले, "माप सांगायच्या आधी दिवस सांगत जा. ओलं लाकूड आज येक सांगतं आन् म्हैन्यानं दुसरं." ते स्वतः प्रत्येक वाशावर पेन्सिलीने माप लिहायचे आणि खाली तारीख टाकायचे. मला ते म्हातारपणाचं खूळ वाटायचं.

मग त्यांनी मला एक तुकडा कापून दिला आणि टेबलाच्या कडेवर त्याच्या रुंदीच्या दोन रेघा मारल्या. "आरीवरचं माप येगळं. रंधा मारला की येगळं. वाळल्यावर तिसरंच. तिन्ही न्हाई कळली तर टेप कशाला धरायचा?" महिन्याने तो तुकडा रेघांमध्ये ठेवला, तर एका बाजूला आगपेटीची काडी मावेल एवढी फट सुटली होती. मी तिन्ही मापं वहीत लिहून घेतली. लिहून घेतलं म्हणजे समजलं, असं वाटायचं ते वय होतं.

मार्च संपत आला होता. एक जड यंत्र बंदरावर जायचं होतं आणि शेठ दर तासाला शेडमध्ये डोकावत होते. पेटीच्या तळाचे जाड वासे भट्टीतून येऊन पडले होते, प्रत्येकावर शिक्का. परदेशी जाणारं लाकूड भट्टीत तापवून शिक्का मारावा लागतो, नाहीतर ते कुणी उतरवून घेत नाही. मी टेप लावला, बरोबर चार. मिस्त्रींनी गाल लावला आणि मान हलवली.

"भट्टीतनं आलंय ना मिस्त्री? शिक्का आहे," मी म्हणाले.

"शिक्का किडीचा हाय, पान्याचा न्हाई. अर्धा तास तापवल्यानं कीड मरंल, ओल कुठं जातीय? ह्ये वाळून आटलं की बोल्ट ढिलं पडत्याल. पंधरा दिस थांबा."

ओल मोजायचं यंत्र होतं आमच्याकडे. त्याची बॅटरी कधीची संपली होती आणि ती आणायचं काम माझं होतं. तेवढ्यात शेठ आले. त्यांनी मिस्त्रींकडे पाहिलंच नाही, मला विचारलं, "मॅडम, माप बरोबर आहे ना?" मी हो म्हटलं. ते खोटंही नव्हतं. मिस्त्रींनी पेटी बांधली, पण त्या वाशांवर तारीख टाकली नाही. तपासणीच्या कागदावर मी सही केली.

पेटी बंदरावर उन्हात तीन आठवडे पडून राहिली. क्रेनने उचलताना तळाचे बोल्ट सुटले, यंत्र घसरलं आणि खाली उभ्या असलेल्या एका कामगाराचा पाय चिरडला. कंपनीचं पत्र आलं तेव्हा शेठनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. "पेटी कोणी बांधली?" त्यांनी विचारलं. "म्या," मिस्त्री म्हणाले. ओल कोणी तपासली हे शेठनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. माझ्या बहिणीचं लग्न ठरलं होतं, बाबा त्याच वर्षी रिटायर झाले होते. ही कारणं तेव्हा फार मोठी वाटली. मिस्त्रींनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी त्यांची हत्यारांची पेटी शेडमध्ये नव्हती.

सहा महिने मी गप्प राहिले. जेवणाच्या सुट्टीत कुणी म्हणायचं, "म्हातारा चुकला राव," आणि मी डबा उघडायचे. शेवटी दिवाळीच्या आधी शेठसमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "कागद वाचता येतो मला, मॅडम. सही तुमचीच होती. पण कंपनीच्या ऑडिटला डिप्लोमावालं कुणीतरी लागतं. तिथे उभं कोण राहणार होतं, मिस्त्री? त्यांचं वय झालंच होतं. जा, काम करा." मला वाटत होतं मी काहीतरी लपवलंय. लपलेलं काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी राजगुरुनगरला उतरून वडापच्या जीपने मिस्त्रींच्या गावी गेले. ते अंगणात कुणाच्या तरी दाराची चौकट करत होते. सूनबाईंनी चहा दिला. मी सगळं सांगितलं, शेठ काय म्हणाले तेही. माफी मागताना मला रडू आलं. त्यांनी ते थांबेपर्यंत वाट पाहिली.

"मला म्हाईत व्हतं, पोरी. सांगितलंस, बरं केलं." मग त्यांनी कप खाली ठेवला. "त्या मानसाचा पाय कसा हाय आता?"

"कुठल्या माणसाचा?" मी विचारलं.

"बंदरावरच्या," ते म्हणाले. "वाचला का पाय? मला कोन सांगनार हितं. म्हटलं तुला म्हाईत आसंल."

मला माहीत नव्हतं. सहा महिन्यांत मी त्याचं नावही विचारलं नव्हतं.