वाकलेले वाल आणि माझा मसाल्याचा डबा

"वहिनी लई गप हायेत रं. ना आवाज, ना धूर. चालू हायेत का बंद, तेच कळत न्हाई!"

हे मी ऐकायचं नव्हतं. पण आमच्या स्वयंपाकघराच्या दारापलीकडे लगेच गॅरेज. बोलणारा बाळू, ह्यांचा मित्र आणि धंद्यातला पार्टनर. त्यावर आमचे हे हसून म्हणाले, "नवी गाडी हाय. आवाज कशाला करंल?"

मिरजगावला सासरी आले तेव्हापासून असे किस्से साचतच चाललेत, गॅरेजच्या कोपऱ्यातल्या काळ्या ऑईलसारखे. कुणी मुद्दाम साठवत नाही, पण डबा भरतोच!

*

आठवडाभर मला खोकला होता. घरात कुणाच्या कानावर गेला नाही. त्याच आठवड्यात एक सर गाडी घेऊन आले. ह्यांनी स्टूल ओढलं, समोर बसले आणि काय मायेनं विचारलं! "कधीपास्नं आवाज येतोय? सकाळी जास्त का दुपारी? चढाला दम लागतो का?"

मी चहा घेऊन गेले आणि मुद्दाम दोनदा खोकले.

हे म्हणाले, "श्शू! जरा इंजिन ऐकू दे."

*

एकदा लाल गाडीतून एक बाई आल्या. गॉगल, मोकळे केस, हसणंही मोकळं. बराच वेळ बॉनेटपाशी गप्पा चालल्या. इकडे माझ्या दोन पोळ्या करपल्या. रात्री जेवताना अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या बाई कोण होत्या?"

"कुठली बाई?"

"लाल गाडीतली."

ह्यांनी डोकं खाजवलं. "ती व्हय! टॅपेट वाजत हुतं ती!"

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मग अंथरुणात पडल्यावर लक्षात आलं, हा माणूस बाईला गाडीच्या आवाजावरून ओळखतो. आणि मी तर आवाजच करत नाही.

*

आता बेल्टचं. टायमिंग बेल्ट सरकला की इंजिनातला सगळा ताल बिघडतो. वर येणारा पिस्टन उघड्या वालवर, म्हणजे व्हॉल्व्हवर आदळतो आणि वाल वाकतो. हे मला कुणी शिकवलं नाही. दिवसभर भिंतीपलीकडून येतं ते.

वाकला की नाही हे बघायची ह्यांची एक रीत आहे. बेल्ट खुणेवर आणायचा, सिलेंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि तीन जागी कान लावायचे. फिल्टरपाशी हवा सुसकारत आली तर आत घेणारा वाल गेला, सायलेन्सरपाशी आली तर बाहेर सोडणारा, ऑईलच्या झाकणापाशी आली तर पिस्टनच्या रिंगा.

एका गाडीचं असंच हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, खोलून वाल बाहेर काढले. दुसऱ्या दिवशी फोडणी द्यायला गेले, तर माझा मसाल्याचा डबा गायब! रुखवतातला, आईनं हौसेनं घेतलेला. सापडला गॅरेजमध्ये. मोहरीच्या वाटीत पहिल्या सिलेंडरचे वाल, जिऱ्याच्या वाटीत दुसऱ्याचे.

"अदलाबदल चालत न्हाई त्यांची," हे म्हणाले. "ज्याची जागा त्यालाच."

मी रडवेली होऊन सासूबाईंकडे गेले. त्यांनी डब्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "नशिबाची हायेस. ह्याच्या बापानं माझी परात नेलती. परत न्हाई आली!"

*

लग्नानंतरची पहिली पंचमी. पारनेरहून मला न्यायला दादा येणार होता. मी सकाळीच हिरवी साडी नेसून, बॅग भरून तयार. ह्यांनीही पहिल्यांदाच कबूल केलं होतं, "मीबी येतो सोडायला. गॅरेज बंद."

दादा आला, पण ट्रॅक्टरला बांधलेल्या गाडीतून! घाटपिंपरीच्या पुढे बेल्ट सरकला होता, आणि दादानं वर सेल्फ मारमार मारला.

"बेल्ट गेल्यावर सेल्फ मारत असत्यात का?" हे कळवळले.

"चुकलं, दाजी," दादा म्हणाला. दोघं गाडीजवळ असे उभे, जसं घरात कुणी आजारी माणूस आहे! मला 'कशी आहेस' म्हणायचंही राहिलं.

गाडी तोंड आत करून ढकलली. तिचं मागचं अंग माझ्या दाराशी आलं. हवा सोडली. बाळूचा कान फिल्टरपाशी, दादाचा झाकणापाशी, हे मधोमध डोळे मिटून. लग्नात अंतरपाटाआडही इतके एकाग्र नव्हते!

"हितं काय न्हाई," बाळू म्हणाला.

"इथंही नाही," दादा म्हणाला.

"मग वाचली की!" बाळू म्हणाला. "बसव बेल्ट, जाऊ दे वहिनीस्नी सणाला."

माझ्या पायाशी सायलेन्सर बारीक सुसकारत होता. हिरव्या साडीचा काठ हलत होता. गप्प राहिले असते, तर बेल्ट बसवून हे माझ्या शेजारी बसणार होते.

ह्यांनी डोळे न उघडता विचारलं, "मागं कोन हाय रं?"

बाळूनं मान वळवली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "कोनी न्हाई."

"मी आहे," मी म्हणाले. "हवा इथून येतेय, वाल वाकलाय. खोला हेड आणि दादा नि तुम्ही बसा तिच्यापाशी. डबा ओट्यावर आहे, मोहरी तेवढी काढून ठेवा. मी यष्टीनं चालले!"